न बसणाऱ्या बाई

आमच्या पी.टी.च्या बाईंना बसलेलं पाहिलंय, असा दावा आमच्या गावात आजवर तिघांनी केला आणि तिन्ही दावे खोटे निघाले. पहिला एसटीच्या कंडक्टरचा. पण नंतर त्यानंच कबूल केलं की बाई सीटच्या दांडीला नुसत्या टेकल्या होत्या. दुसरा आमच्या हेडमास्तरांचा. ते ज्या फोटोचा दाखला देत, त्यात खुर्चीवर होत्या त्या शिवणाच्या बाई. तिसरा दावा माझ्या सख्ख्या आईचा. हळदीकुंकवाला बाई आमच्या ओसरीवर सतरंजीवर बसल्या होत्या म्हणे. मी तिथंच होते. त्या उकिडव्या झाल्या, वाण घेतलं आणि उठल्या. उकिडवं होणं म्हणजे बसणं नव्हे. खो-खोत तर ती पळायची तयारी असते.

चौथा दावा मला फार उशिरा कळला. तो शेवटी सांगते. तोपर्यंत तुम्हीही उभ्यानंच ऐका, मजा येईल.

आमचं गाव शिरूर तालुक्याच्या पार टोकाला, मांडवगण फराट्याच्या पुढं, भीमेच्या काठाला. नव्वदीची ती वर्षं. नदीच्या पलीकडं दौंड तालुका, आणि बाई तिकडून आलेल्या, दौंडच्या रेल्वे कॉलनीतून. वडील मालगाडीवर गार्ड होते. त्यामुळं बाईंच्या जगात दोनच प्रकारची माणसं होती, वेळेवर धावणारी आणि लेट धावणारी. साडी घोट्याच्या वर खोचलेली, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात मंगळसूत्राच्या जागी वडिलांची पितळी शिट्टी. लग्न केलं नाही का, असं आमच्या आयांनी विचारलं, तर म्हणाल्या, "सिग्नल पडला नाही." पुढं कधी पडणार, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

वर्गावर आल्या की भिंतीपासून भिंतीपर्यंत फेऱ्या. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची होती, पण तिच्यावर खडूची खोकी असत. एकदा सोमवारी आलेल्या पंधरा ऑगस्टला हेडमास्तर 'विद्यार्थ्यांमधील नेतृत्वगुण' या विषयावर बोलत होते. त्यांनी मुद्दे काढून आणले होते. मागं स्टेजवर बाई इकडून तिकडं, तिकडून इकडं. समोर बसलेल्या आम्हां सगळ्यांच्या माना बाईंबरोबर हलत होत्या. हेडमास्तरांना वाटलं, पोरं माना डोलावतायत. ते खूश झाले आणि भाषण आणखी लांबलं.

भाषण संपल्यावर बाई खाली उतरल्या आणि त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून माझ्या गळ्यात घातली.

आता हे समजून घ्या. बाई स्वतः शिट्टी वाजवत नसत. दर सोमवारी प्रार्थनेनंतर ती एका मुलीच्या गळ्यात जायची, आणि आठवडाभर ती मुलगी 'गार्ड'. हुशार मुलगी नव्हे, धीट मुलगी नव्हे. मागच्या आठवड्यात जिनं सगळ्यात जास्त कुरकुर केली, ती. आणि कुरकुरीत माझा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. बाई, ही ढकलते. बाई, मैदान आखायची फक्की डोळ्यात गेली. बाई, पाणी गरम आहे.

"पाणी गरम आहे?" बाई म्हणाल्या. "अरे वा. चलो. आजपासून पाणी तुझं."

शिट्टी अडकवली की बाई पाठ फिरवून निघून जायच्या. एकदाही मागं वळून बघायच्या नाहीत. त्या वळत नाहीत म्हणून आम्हाला राग यायचा. वाटायचं, एकदा तरी बघा, आमचं काय होतंय ते.

माझ्या पहिल्याच आठवड्यात पाण्याचा ड्रम भरायचा मी विसरले. बाराजणी उन्हात पळून आल्या, तोटी फिरवली, तर आतून नुसती हवा. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी बाईंकडं बघितलं. बाई कुंपणाकडं तोंड करून फेऱ्या मारत होत्या. त्यांचेही ओठ सुकलेले. त्यांनी ना शिवी दिली, ना हापसा दाखवला. मग मीच कळशी घेऊन पळाले. चार खेपा झाल्या. सगळ्या प्यायल्यावर बाई आल्या, ओंजळ पुढं केली आणि म्हणाल्या, "गार झालं गं." बस. एवढंच.

गार्डचे नियम होते. गार्ड रांगेत सगळ्यात शेवटी चालणार. शेवटी पाणी पिणार, एसटीत शेवटी चढणार. याच्या मागं बाईंचं एक तत्त्वज्ञान होतं. "लोकांना वाटतं, गाडी ड्रायव्हर सोडतो. ड्रायव्हर नुसता ओढतो. सोडतो गार्ड. तो निशाण दाखवतो, शिट्टी मारतो, मग चाक हलतं. का? तर अख्खी गाडी दिसते ती त्याला एकट्याला."

हजेरीची पद्धत तर जगावेगळी. स्वतःचं नाव सांगायचंच नाही. आपल्या पुढची मुलगी आहे की नाही, ते सांगायचं. "पुढची हाय!" "पुढची हाय!" असं मागून पुढं जात जात सगळ्यात पुढच्या मुलीपर्यंत यायचं. तिच्यापुढं कुणीच नाही, म्हणून ती मागं वळून ओरडायची, "गार्ड हाय!" मग गार्डनं म्हणायचं, "लाइन क्लिअर!" हे सगळं एसटी स्टँडवर, भर माणसांत. लोक हसायचे. आम्हाला आधी लाज वाटली, मग सवय झाली, मग मिजास आली.

एकदा शिक्षण खात्याचे साहेब आले. कवायत बघायची होती. बाईंनी शिट्टी छबूच्या गळ्यात घातली आणि स्वतः जाऊन शेवटच्या रांगेत उभ्या राहिल्या, आमच्यातल्याच एक होऊन. छबू म्हणजे धोंडीआबांची लेक. आबांच्या वडिलांपर्यंत घर मेंढरांमागं फिरायचं. आता शेती होती, पण चुलत्यांकडं अजून मेंढरांचं वाडगं होतं. छबू वाऱ्यासारखी पळायची, बोलायला मात्र सांजच्याला सुरुवात करायची. त्या दिवशी काय अंगात आलं कोण जाणे. शिट्टी मारून गरजली, "शेवटची रांग! हात सरळ! ओ, तुम्ही! झोपलाय का?"

बाईंनी हात सरळ केला. साहेब हेडमास्तरांच्या कानाशी लागले, "यांच्या शिक्षिका कुठं आहेत?" हेडमास्तरांनी घाम पुसला आणि मागच्या रांगेकडं बोट केलं. तिथं बाई उड्या मारत होत्या, आणि छबूचं काही समाधान होत नव्हतं.

एवढं ऐकून तुम्हाला वाटेल, काय मजेची बाई. मजेची होतीच. पण गावाला ती मजा पचायची नाही. आमचा खो-खोचा संघ तालुक्यात जिंकला आणि नगरला मोठ्या स्पर्धेला बोलावणं आलं. म्हणजे गावाबाहेर रात्रीचा मुक्काम. आमच्या गावातली एकही पोर तोवर खेळासाठी बाहेर राहिली नव्हती. मारुतीच्या देवळात बैठक बसली. बाई सोडून सगळे बसले होते.

पुढारपण बापूमामांकडं. नातं कुणाचंच नाही, पण साऱ्या गावाचे मामा. सोसायटीवर संचालक, कडक टोपी, आणि गावातल्या प्रत्येक गोष्टीवर मत. स्वतः मात्र आयुष्यात सतरंजीसुद्धा उचललेली नाही.

"बाई, आमचा तुमच्यावर इश्वास हाय," मामा म्हणाले. "पर संगं एक बापय माणूस न्हाई. पोरींच्या मागं बघणारं कुणीतरी नको का? उद्या काय कमीजास्त झालं तर जिम्मेदारी कुणाची?"

बाई फेऱ्या मारत होत्या. थांबल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी नववीत. दोन वेण्या, लाल रिबिनी.

"हिची," बाई म्हणाल्या.

देवळात हसू फुटलं. माझे आप्पा हसले नाहीत, त्यांनी कपाळाला हात लावला.

"सांग गं," बाई म्हणाल्या.

माझ्या तोंडातून शब्द निघाले ते असे, "मी समद्या नेणार, समद्या आणणार. उद्या नेते, परवा दिवस बुडायच्या आत आणते."

हसणं थांबलं. धोंडीआबा कधी बोलत नसत. ते खांबाला टेकून बसल्या जागेवरून म्हणाले, "पोरी, ह्या खेपंला बघतो. हुकलीस तर आमची छबू घरी. येत्या साली चुलत्यासंगं मेंढरांमागं." आणि बापूमामांनी त्यावर शिक्का मारला, "एकट्या छबूचंच न्हाई. एक जरी भानगड झाली तर ह्या गावातली पोर परत वेशीबाहेर खेळायला जायची न्हाई. ठरलं."

छबू दाराशी उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. तशी नजर माझ्यावर परत कधी कुणाची पडली नाही, नवऱ्याचीसुद्धा नाही.

नगरला सरळ शिरूरवरून एसटीनं जाता आलं असतं. पण बाईंना रस्ता म्हणजे रेल्वेचाच. अर्ध्या पोरींनी गाडी आतून पाहिली नव्हती. सकाळी टेंपोनं केडगाव स्टेशन आणि तिथून पॅसेंजर. तीच गाडी दौंडवरून पुढं नगरला जाणारी. सगळ्यांचं मिळून एक तिकीट माझ्या कंपासपेटीत, शिट्टी गळ्यात, आणि संघाची पत्र्याची पेटी बाकाखाली.

दौंडला गाडी थांबली. बाईंचं माहेरच ते. स्टेशनात पाऊल पडल्यावर त्यांची चालच बदलली. म्हणाल्या, "गाडी इथं बराच वेळ थांबते. वडिलांच्या हाताखालचे काका आज गार्ड आहेत, त्यांना भेटून येते. गार्ड, गाडी तुझी." आणि पाठ फिरवून गेल्या. अर्थातच वळल्या नाहीत.

आता दौंडचं एक गुपित आहे, जे दौंडात कुणालाच गुपित वाटत नाही. पुण्याकडून येणाऱ्या गाडीला नगरची लाइन समोर नसते, मागच्या अंगाला फुटते. म्हणून दौंडला इंजिन पुढून काढतात, बाजूच्या रुळावरून फिरवून मागं आणतात आणि शेपटीला जोडतात. शेपटीचं तोंड होतं. गाडी आली त्याच दिशेला निघते, थोडं गेली की वळते आणि नगरकडं लागते. बाई या कॉलनीत रांगायला शिकल्या. गाडी दौंडात फिरते हे कुणाला सांगावं लागतं, हेच त्यांना माहीत नव्हतं.

आम्ही खिडकीतून बघतोय. इंजिन सुटलं आणि एकटंच निघून गेलं. पोरी हसल्या. मग बराच वेळ काहीच नाही. वीस मिनिटं म्हणा, अर्धा तास म्हणा, माझ्या पायांना मुंग्या आल्या. बाईंचा पत्ता नाही. मी दारापर्यंत जायचे, परत यायचे. तेवढ्यात मागून धाडकन दणका बसला. दारात लोंबकळणारी छबू आत पळत आली.

"आगं, इंजान मागच्या अंगाला लावलंय! गाडी माघारी चालली! पुण्याला!"

डब्यात एक म्हातारे गृहस्थ झोपले होते. मी त्यांना हलवून विचारलं, "बाबा, ही गाडी कुठली?" ते डोळे न उघडता म्हणाले, "पुण्याची." म्हणजे पुण्याहून आलेली. पण मला कुठं ते कळतंय!

पुणे. मुक्काम. हरवलेल्या पोरी. देऊळ. छबू आणि मेंढरं. हे सगळं एका श्वासात डोळ्यांपुढून गेलं आणि मी शिट्टी फुंकली.

काय उतरलो म्हणून सांगू! बघत राहावं असं. पेटी खाली, पिशव्या खाली, पोरी उंचीप्रमाणं रांगेत, मी शेवटी. "पुढची हाय, पुढची हाय," थेट "गार्ड हाय!" पर्यंत. "लाइन क्लिअर!" मी ओरडले, आणि माझ्या त्या आरोळीवरच जणू गाडी सुटली. डबे आमच्यासमोरून सरकत गेले. सगळ्यात शेवटी गार्डचा डबा आला. त्याच्या दारात, हातात चहाचा ग्लास धरून, आमच्या बाई.

बाईंनी आम्हाला बघितलं. आम्ही बाईंना बघितलं.  गाडी बाईंना घेऊन गेली.

शेजारी एक पेरूवाली पाटी घेऊन बसली होती. म्हणाली, "कुठं जायचं व्हतं गं पोरींनो?"

"नगरला."

"मग उतरलासा कशाला? आत्ता गेली ती काय मग?"

सुरेखा नावाची आमच्यातली सगळ्यात उंच मुलगी रडायला लागली. रडू खोसारखं असतं, एकीनं दुसरीला दिलं. मी फेऱ्या मारायला लागले. पेरूची पाटी ते खांब, खांब ते पेरूची पाटी. मला एका जागी उभंच राहवेना. आणि चालता चालता लक्षात आलं की मी बाईंसारखी चालतेय. म्हणजे बाई चालतात त्या धीट असतात म्हणून नव्हे! त्यांनाही भीतीनं असंच उभं राहवत नसणार. हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं.

"गप बसा," मी म्हणाले. "चुकी माझी झाली. आता पुढची गाडी. मी विचारून येते. मी येईस्तोवर छबू गार्ड." तिकीटखिडकीवरच्या माणसानं सांगितलं, नगरची गाडी दौंडात फिरतेच, दुपारच्या आत दुसरी गाडी आहे, हेच तिकीट चालेल. सामना दुपारनंतर होता. म्हणजे जमत होतं. मी उड्या मारत परत आले, तर रांगेसमोर कडक टोपी उभी.

बापूमामा! पाव्हण्यांना गाडीत बसवून द्यायला आले होते.

"बाई कुठाय?"

"पुढं गेल्या," मी म्हणाले.

"पुढं म्हंजी?"

"नगरला."

"आन् तुम्ही हितं?"

"आम्ही मागच्या गाडीनं."

"गाडी चुकली मामा," छबू म्हणाली. छबूला खोटं बोलता येत नसे, हा तिचा एक मोठाच दोष.

मामांच्या मिशा थरथरल्या. खरं सांगते, त्यांना राग आला नव्हता, आनंद झाला होता. आपलं मत इतक्या लवकर खरं ठरलेलं किती जणांना बघायला मिळतं? "म्हनलं नव्हतं? देवळात म्हनलं नव्हतं मी? चला! टेंपो भाईर उभा हाय. समद्या घरी. आत्ताच्या आत्ता. आन् परत नाव काढायचं न्हाई!"

पोरी पिशव्या उचलायला लागल्या. छबूनं नाही उचलली. ती रुळांकडं बघत होती.

मामांशी भांडून कुणी जिंकलेलं मला आठवत नव्हतं. त्यांच्या पाया पडावं तर ते मागं हटायचे नाहीत. बाई असत्या तर काय करत्या? हा माणूस सगळ्यात जास्त कुरकुर करतोय, एवढंच मला दिसत होतं. आणि सगळ्यात जास्त कुरकुर करणाऱ्याचं बाई काय करतात, ते माझ्या गळ्यातच लोंबत होतं.

मी शिट्टी काढली. मामा उंच, त्यामुळं मी पेटीवर चढले, आणि ती त्यांच्या टोपीवरून खाली, गळ्यात घातली.

"ह्ये काय?"

"मामा, तुम्हीच म्हनला व्हता ना, पोरींच्या मागं बघणारं बापय माणूस पायजे म्हणून? चला मग. आजपासनं तुम्ही गार्ड. शेवटी उभं ऱ्हायचं. एक पोर मागं ऱ्हाता कामा नये. आन् ही पेटी उचलायची."

"म्या? पेटी?"

"जड हाय का?"

"जड कशाची? पर माझा टेंपो..."

"डायव्हर नेईल की. गावात सांगंल, मामा सवताच पोरींसंगं गेलं. बाई पुढं, मामा मागं. न्हायतर मग सांगंल..." मी थांबले. "...मामांनी पोरी माघारी आणल्या. पेटी उचलंना म्हणून."

"कोण म्हनतंय उचलंना!" मामा गरजले. खाली वाकले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सार्वजनिक कामातलं काहीतरी उचललं.

मग पुढचे दोन तास त्यांनी आम्हाला सळो की पळो करून सोडलं. दर पाच मिनिटांनी हजेरी. पाणी प्यायला गेलं तरी हजेरी. सगळ्यात पुढची सुरेखा मागं वळून ओरडायची, "मामा हाय!" आणि मामा टोपी सारखी करून म्हणायचे, "लाइन किलेर!" अख्खा प्लॅटफॉर्म बघायला गोळा झाला. मामांनी स्वतःचं तिकीट स्वतः काढून आणलं. पेरूही आणले, आणि वाटताना स्वतः शेवटी खाल्ला. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

दुसरी गाडी आली. चढलो, मामा शेवटी. आणि मग तेच. इंजिन गेलं. शांतता. धाडकन दणका. गाडी हलली, आल्या वाटेनं.

मामा ताडकन उभे राहिले. डोळे पांढरे. "आगं उतरा! उतरा! माघारी चालली!" शिट्टी ओठांपाशी गेलीसुद्धा. मी त्यांच्या हाताला लोंबकळले आणि आम्ही बाराजणी एका सुरात ओरडलो, "बसा मामा! ती दौंडात फिरती!"

मामा बसले.  गाडी वळली तसे हळूच म्हणाले, "मला ठाव व्हतं. तुमची परीक्षा घेतली."

नगरच्या प्लॅटफॉर्मवर बाई इकडून तिकडं, तिकडून इकडं. आम्ही उतरलो. "पुढची हाय" पासून "मामा हाय" पर्यंत सगळं झालं. बाईंनी मामांच्या गळ्यातल्या शिट्टीकडं बघितलं, हातातल्या पेटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मला वाटलं, आता जवळ घेतील, नाहीतर कानाखाली तरी देतील.

"खो-खो खेळता ना गं तुम्ही?" बाई म्हणाल्या. "मैदानातल्या मधल्या पाटीवर शेजारशेजारी बसता, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. आणि गाडीनं तोंड फिरवलं तर घाबरता? चलो. सामना आहे."

पहिला सामना जिंकलो, दुसरा हरलो. छबूचा पाय खांबाच्या रेषेबाहेर पडला असं पंच म्हणाले. नव्हता पडला, असं बापूमामा आजही म्हणतात. दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आधी टेंपो वेशीत शिरला. आप्पा, धोंडीआबा, सगळे उभे होते. शेवटी उतरले ते मामा, पेटीसकट. धोंडीआबांनी पोरी बघितल्या, शिट्टी बघितली आणि विचारलं, "काय भानगड?"

मामांनी माझ्याकडं एक नजर टाकली. "भानगड कसली? बाई पुढं, म्या मागं. झकास झालं. म्होरल्या साली कोल्हापूरला न्यायच्यात."

पुढं बारा वर्षं गावच्या मुलींबरोबर मामा गेले. दौंडची गोष्ट तेच सांगतात, आणि त्यांच्या गोष्टीत घाबरून उतरलेली मी असते, गाडी फिरते हे सांगणारे ते. सांगू देत. छबू मेंढरांमागं गेली नाही. ती पोलिसात भरती झाली, आणि खोटं न बोलण्याचा तिचा दोष तिथंही गेलेला नाही. मी कुरकुंभच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला लागले. आता शिफ्ट माझ्याकडं असते. नवी पोरगी लाइनवर पहिल्यांदा एकटी उभी राहते, तेव्हा मी पाठ फिरवून निघून जाते. कॅन्टीनपर्यंत जाते आणि तिथं टेबलांमधून फेऱ्या मारते. कॅन्टीनवाला म्हणतो, मॅडम, बैठिए ना. पण कसलं बसवतंय!

एक गोष्ट मात्र मला कितीतरी वर्षं छळत होती. बाई गार्डच्या डब्यात होत्या. शेजारी काका, काकांच्या हातात निशाण. लाल दाखवलं असतं तर गाडी जागच्या जागी थांबली असती. का नाही थांबवली? कसला हा आमच्यावरचा विश्वास? की आम्ही म्हणजे नुसता खेळ होतो? माझी मुलगी नववीत गेली तेव्हा तर हा प्रश्न मला रात्री झोपू देईना. मी तिला अशी नसती सोडली.

उत्तर दिलं ते काकांनी. रिटायर झालेले, दौंडच्या प्लॅटफॉर्मवर सकाळी फिरायला यायचे. मी शिफ्टला जाताना ओळख काढली.

"मी लाल निशाण उचललं होतं पोरी," काका म्हणाले. "तिनंच माझा हात खाली दाबला. म्हणाली, काका, नको. त्यांची रांग सरळ आहे. मग दौंड दिसेनासं होईपर्यंत दारात उभी राहिली, मागं बघत. आणि नंतर माझ्या लोखंडी पेटीवर मटकन बसली. नगर येईपर्यंत उठली नाही. हातातला चहा तसाच. दर स्टेशनला एकच विचारायची, काका, मागची गाडी सुटली असेल का? बेलवंडीला मी म्हणालो, अगं तो चहा टाक आता, साय धरली त्याच्यावर."

हा चौथा दावा. बाई बसल्या होत्या. दौंडपासून नगरपर्यंत.

त्यानंतर काही महिन्यांनी बाई मला त्याच स्टेशनवर भेटल्या. केस पांढरे, बूट मात्र तेच. दोघींना केडगावपर्यंत जायचं होतं. गाडी आली. बाई पुढं चढल्या, मी मागून. त्यांनी मागं वळून बघितलं नाही. डबा जवळजवळ रिकामा.

"बसा ना बाई."

"तू बस."

"मी दिवसभर बसूनच होते," मी खोटं बोलले.

"मीही," बाई त्याहून मोठं खोटं बोलल्या.

पाटस गेलं. मला राहवेना. "बाई, काका भेटले होते. म्हणत होते, त्या दिवशी तुम्ही त्यांच्या पेटीवर बसला होता."

"कोण? मी? आणि बसले?" बाईंनी दांडीवरचा हात बदलला, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. "काकांचं वय झालंय."

 खिडकीबाहेर उसाचे फड मागं पळत होते. माझ्याकडं न बघता बाई म्हणाल्या,

"आणि तो चहा गार झाला म्हणून नव्हता टाकला. फार गोड होता म्हणून टाकला."

चहाबद्दल मी एक शब्दही काढला नव्हता. केडगाव येईपर्यंत त्या रिकाम्या डब्यात आम्ही दोघी दांडीला धरून उभ्या होतो.